परत सांगा, युनिट तीन

त्यांचं खरं नाव ओळखपत्रावर होतं, आणि ओळखपत्र शर्टाच्या खिशात कायम उलटं असायचं. त्यामुळे सगळं जग त्यांना 'पन्नास' म्हणायचं. वयाशी काही संबंध नाही, वय अठ्ठावन्न. देशभरच्या तारांमधून जी वीज धावते तिने सेकंदाला पन्नास हेलकावे घ्यायचे असतात, एक कमी नको की एक जास्त नको. ते तसे घेतले जातायत ना, हे बघत बसणं हा त्यांचा धंदा. लोड डिस्पॅचच्या खोलीत समोरच्या भिंतीवर लाल आकडा: ४९.९८, ५०.०१, ४९.९६. लोकांनी पंखे, दिवे, पंप जास्त लावले की आकडा घसरायचा, बंद केले की चढायचा. घसरला की पन्नासांनी फोन उचलून कुठल्यातरी वीजकेंद्राला सांगायचं, वाढवा. चढला की सांगायचं, उतरवा. एकतीस वर्षं हेच.

हा आकडा त्यांच्यासोबत घरीही यायचा. जिन्यात शेजाऱ्याने "काय, कसं काय?" म्हटलं की हे शांतपणे सांगायचे, "एकोणपन्नास पूर्णांक नऊ." म्हणजे बरं चाललंय, जरा ओढाताण आहे. सासूबाई आठ दिवस राहून गेल्या तेव्हा हा आकडा एकावन्नवर गेला होता. तो त्यांनी फक्त शेजाऱ्याला सांगितला होता आणि शेजाऱ्याने सगळ्या इमारतीला.

त्यांची दुसरी खोड म्हणजे 'परत सांगा'. लोड डिस्पॅचचा नियम असा की फोनवर दिलेला हुकूम ऐकणाऱ्याने शब्दाला शब्द परत म्हणून दाखवायचा, वेळेसकट. देणाऱ्याने 'बरोबर' म्हणायचं. मगच तो हुकूम पोचला. 'हो हो, कळलं' म्हणायला सक्त मनाई. पन्नास नोकरीला लागले त्या वर्षी एकाने 'हो हो, कळलं' म्हटलं आणि भलतीच लाईन चालू केली. खांबावर लाईनमन होता. तो लाईनमन आता ऑफिसच्या फाटकावर बसतो आणि आत येणाऱ्याला उजव्या हाताच्या तीन बोटांनी सलाम ठोकतो. पन्नास रोज सकाळी तो सलाम घेऊन आत जातात. त्यामुळे नियम त्यांना पाठ करावा लागला नाही.

घरी मात्र त्याचा वैताग व्हायचा. बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, येताना कांदे आणा दोन किलो, आणि साबण!" हे दारात पिशवी धरून ताठ उभे. "कांदे दोन किलो. साबण एक. वेळ दहा चाळीस."

आतून काही नाही.

"कांदे दोन किलो. साबण एक. वेळ दहा एक्केचाळीस."

"बरोबर! बरोबर हो! जा आता!"

मग जायचे. एकदा ती रागाने 'बरोबर' म्हणालीच नाही, तर पाऊण तास दारात उभे होते. दूधवाला येऊन गेला, पेपरवाला येऊन गेला. ही गोष्ट बायको प्रत्येक लग्नकार्यात त्यांच्याच आवाजात, त्यांच्यासारखीच हनुवटी आत घेऊन सांगते, आणि ते शेजारी बसून ऐकतात. वेळ चुकली तर दुरुस्त करतात.

पन्नासांनी जन्मात कुणाची बाजू घेतली नाही. कुठून वीज येते याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, आकडा पन्नास हवा. आणि नशीब असं की त्यांच्या घरात दोन बाजू होत्या.

पहिली बाजू म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याला सगळेच मामा म्हणत, पन्नासही. मामा कोळशाच्या वीजकेंद्रात युनिट तीनच्या टेबलावर. अठ्ठावीस वर्षं बॉयलरच्या शेजारी काढल्याने कान थोडे गेलेले, म्हणून आवाज मोठा. मामाने तुमच्या कानात एखादं गुपित सांगितलं तर समोरच्या इमारतीतलं माणूस मान डोलवायचं. आणि युनिट तीनबद्दल बोलताना तो अशा सुरात बोलायचा की नवख्या माणसाला वाटावं, घरी कुणीतरी आजारी आहे. "काल रात्रभर घुरघुरत होती. सकाळी जरा शांत झाली. म्हातारी आहे, पण उभी आहे!"

दुसरी बाजू म्हणजे पन्नासांची एकुलती एक लेक. जन्मल्यावर ती असं काही रडली की मामाने दवाखान्यातच नाव ठेवलं, 'भोंगा'. कारखान्याचा वाजतो तो. पुढे हाच मामा भोंग्याला खांद्यावर बसवून युनिट तीन दाखवायला न्यायचा. बॉयलरच्या काचेच्या भोकातून तिने सहाव्या वर्षी आग बघितली आणि घरी येऊन चार तास सलग त्याचं वर्णन केलं. ती इंजिनिअर झाली ती मामामुळे, हे ती स्वतःच सांगायची. बोलताना मध्येमध्ये "ओके, पण" म्हणायची. 'ओके' आलं की माणसाने निर्धास्त व्हावं, आणि 'पण' आलं की खुर्ची पकडावी.

भोंगा नियोजन विभागात लागली आणि तिने एक अहवाल लिहिला. देशाला इंधनासाठी दुसऱ्यांच्या दारात उभं राहावं लागू नये यासाठी पुढच्या वीस वर्षांत काय करावं, असा. तो वीजकेंद्राच्या नोटीस बोर्डावर काचेआड लागला. मामाने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं: 'वेगाने वर-खाली न होऊ शकणारी जुनी युनिटं टप्प्याटप्प्याने बंद करावीत. प्रथम युनिट तीन.' खाली लेखकांमध्ये भाचीचं नाव.

मामाने चष्मा परत कपाळावर चढवला. त्या दिवसापासून तो भाचीशी बोलला नाही.

घरी यायचा मात्र नेमाने, दर रविवारी. टेबलाच्या या टोकाला मामा, त्या टोकाला भोंगा. "ताई, तुझ्या मुलीला सांग, चहा गार होतोय." "आई, तुझ्या भावाला सांग, मी गारच पिते." ताई मध्ये बसून दोघांचे आवाज एकाच दमात काढायची, मोठा मामाचा, बारीक भोंग्याचा, आणि शेवटी स्वतःचा: "मी काय टेलिफोन एक्स्चेंज आहे?" असे सात महिने गेले.

पन्नासांना हे सहन होत नव्हतं. भिंतीवरचा आकडा घसरला तर फोन उचलता येतो, इथे कुणाला फोन करायचा? त्यात भोंग्याची बदली झाली. बॅटऱ्यांमध्ये वीज साठवून ठेवायचा मोठा प्रकल्प दूर ओसाड माळावर उभा राहणार होता, दोन वर्षांसाठी तिकडे. निघायचं सोमवारी. मामाशी न बोलता ती गेली, तर ती दोन वर्षं सहज वीस होतील, हे पन्नासांना आकड्यासारखं स्वच्छ दिसत होतं.

सोमवारच्या आधीच्या शनिवारी कामगार सभागृहात वर्षाचा वादविवाद होता. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. फलकावर विषय: 'राष्ट्राच्या ऊर्जा स्वावलंबनासाठी सर्वोत्तम स्रोत कोणता?' फलक रंगवणाऱ्याला शेवटी जागा कमी पडली होती, म्हणून 'कोणता' खालच्या ओळीत एकटाच उभा होता. कोळशातर्फे मामा. पाण्यातर्फे धरणाचा गेटवाला. अणूतर्फे वसाहतीतल्या शाळेच्या विज्ञानाच्या बाई. ऊन-वाऱ्यातर्फे भोंगा. आणि अध्यक्ष म्हणून पन्नास, कारण सगळ्यांना पटेल असा, कुठलंच मत नसलेला दुसरा माणूस वसाहतीत सापडला नाही.

पन्नासांनी सुरुवातीलाच नियम घातला. "उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं परत सांगायचं. शब्दाला शब्द. त्याने 'बरोबर' म्हटलं की मग स्वतःचं बोलायचं."

सभागृहात सगळे वीजवालेच. कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. बाई तेवढ्या म्हणाल्या, "हे तर मी वर्गात रोज करते. कोणी सांगत नाही ती गोष्ट वेगळी."

मामा उठला. माईक होता, पण मामाला माईक देणं म्हणजे समुद्राला पाणी पाजणं. "कोळसा आपल्या जमिनीतला! आपल्या माणसांनी काढलेला! चोवीस तास, बारा महिने! कुणाच्या बापाला विचारायला नको!"

बाईंनी ते जसंच्या तसं परत सांगितलं, 'बापा'सकट. मामाने "बरोबर" म्हटलं. मग त्यांनी वर्गावरून नजर फिरवावी तशी खुर्च्यांवरून फिरवली. "छान. आता मला कोण सांगेल, आपल्या कोळशाची राख जास्त होते म्हणून त्यात मिसळायला चांगला कोळसा जहाजातून कुठून येतो? कोणीच नाही? मागच्या बाकावरचे?" मागच्या रांगेतला पंपवाला नकळत उभा राहिला आणि परत बसला. "माझ्या अणूचं तसं नाही. मूठभर इंधन, वर्ष-दीड वर्ष बघायला नको."

गेटवाला सावकाश उठला. तो कशातच घाई करत नसे. बाईंचं म्हणणं त्याने पाणी सोडावं तसं हळूहळू परत सोडलं. "बरोबर," बाई म्हणाल्या. "तर बघा," तो म्हणाला, "मूठभर खरंच. पण ती मूठ कुणाची? परदेशातलीच ना? पाण्याचं बघा. पाणी काय म्हणतं? पाणी म्हणतं, गेट उघड. आपण उघडतो. सात मिनिटांत वीज. ह्यांच्या म्हातारीला," मामाकडे बोट, "थंड पडली की उठायला अख्खा दिवस लागतो."

"म्हातारी कुणाला म्हणतोस रे!" मामा गरजला.

"तूच म्हणतोस!"

"मी म्हणेन! तू नाही!"

पन्नासांनी घंटी वाजवली. भोंग्याची पाळी. तिने गेटवाल्याचं परत सांगितलं, 'बरोबर' मिळवलं. "ओके," ती म्हणाली, आणि पहिल्या रांगेने श्वास सोडला. "पण ही नदी वरच्या देशातून येते. त्यांनी वर धरण बांधलं तर तुमचं गेट नुसतं लोखंड. माझंही सांगते, पॅनेल आज जहाजातूनच येतात, मी खोटं बोलणार नाही. फरक एवढाच की पॅनेल एकदा आलं की पंचवीस वर्षं परत त्या दारात जायला नको. कोळसा जाळला की संपला, परत जहाज."

मामाने माईकच्या दिशेने, भाचीकडे न बघता, हवेत प्रश्न सोडला; प्रश्न म्हणजे उत्तर नव्हे, म्हणून नियम लागला नाही. "अध्यक्ष महाराज, वक्त्यांना विचारा, संध्याकाळी सात वाजता सूर्य कुठल्या शिफ्टला असतो?"

सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. पन्नासही हसले असते, पण संध्याकाळी सातचा प्रश्न त्यांचा स्वतःचा, रोजचाच होता. ऊन उतरतं, घरोघरी दिवे लागतात, आकडा घसरायला लागतो, आणि ते पहिला फोन लावतात तो युनिट तीनलाच.

भोंग्याने मामाचं वाक्य परत सांगितलं, त्याच सुरात, शेवटच्या 'असतो'वर तसाच हेल काढून. हुबेहूब. लोक पुन्हा हसले. मामाने 'बरोबर' म्हटलं नाही, फक्त मान हलवली. पन्नासांनी ते चालवून घेतलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

"संध्याकाळचा प्रश्न खरा आहे," भोंगा म्हणाली. आता हेल नव्हता. "म्हणूनच अहवालात लिहिलंय. वेगाने वर-खाली न होऊ शकणारी जुनी युनिटं टप्प्याटप्प्याने बंद करावीत. प्रथम युनिट तीन."

कोळसावाल्यांच्या दोन रांगांमधून गुरगुर उठली. कुणीतरी खुर्ची आपटली. भोंगा पुढे काहीतरी बोलत होती, ते बुडून गेलं. सभा हातची जातेय हे बघून पन्नासांनी तेच केलं जे आकडा घसरल्यावर करतात. पाठ ताठ, हनुवटी आत, आवाज सपाट.

"युनिट तीन. परत सांगा."

गुरगुर थांबली. मामाने हाताची घडी घातली.

पन्नास थांबले. दुसरा कुठलाही अध्यक्ष पुढे गेला असता. पण इथे परत न सांगितलेला हुकूम म्हणजे न पोचलेला हुकूम, आणि तो पोचल्याशिवाय पुढचं काही होत नाही, हे खुर्च्यांवरच्या एकूण एक माणसाला माहीत होतं. म्हणून कुणी खोकलंसुद्धा नाही. भिंतीवरचं घड्याळ चार अकरावरून चार बारावर गेलं.

"युनिट तीन," पन्नास पुन्हा म्हणाले. "परत सांगा."

आणि मग मामाकडून ते झालं. त्या आवाजाला तो अठ्ठावीस वर्षं उत्तर देत आला होता. त्याची घडी सुटली, उजवा हात रिकामाच कानाशी गेला, आणि तोंड आपोआप चालू झालं. "युनिट तीन. वेळ सोळा बारा. वेगाने वर-खाली न होऊ शकणारी जुनी युनिटं टप्प्याटप्प्याने बंद करावीत. प्रथम युनिट तीन."

परत सांगितलेला हुकूम म्हणजे घेतलेला हुकूम. मामाने आपल्या तोंडाने, आपल्या माणसांसमोर, आपल्याच युनिटचा बंद करायचा हुकूम घेतला होता. ते त्याच्या लक्षात आलं तेव्हा हात कानाशीच होता. तो खाली कसा आणायचा हे त्याला सुचेना.

आता फक्त 'बरोबर' बाकी होतं. ते पन्नासांनी म्हणायचं नव्हतं, हुकूम त्यांचा नव्हता. त्यांनी लेकीकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं.

"चूक," भोंगा म्हणाली.

मामा सात महिन्यांत पहिल्यांदा तिच्याकडे वळला. "काय चूक? शब्दाला शब्द सांगितलं!"

"अर्धं सांगितलंस. माझं वाक्य संपलं नव्हतं, बाबांनी मध्येच घाई केली."

पन्नासांनी समोरच्या कागदावर नोंद केली: 'अध्यक्षांची चूक.'

"मग उरलेलं कुठंय?"

"पान दोनवर. बोर्डावर काचेआड दोन्ही पानं एकावर एक टाचली होती. वरचं दिसलं तेवढं तू वाचलंस."

"मग तेव्हाच नाही सांगायचं?"

"कुणाला सांगू? ताई, तुझ्या मुलीला सांग, चहा गार होतोय!" हे तिने मामाच्या आवाजात म्हटलं आणि मागच्या खुर्चीवरून तिची आई अगदी स्पष्टपणे म्हणाली, "अस्संच!"

"सांग आता," मामा म्हणाला.

भोंग्याने हळू आणि सुटंसुटं सांगितलं, फोनवर सांगतात तसं. "संध्याकाळचे तास भरून काढणारी साठवण उभी राहून एक पूर्ण वर्ष चालेपर्यंत युनिट तीन राखीव ठेवावं. त्यावरची माणसं साठवणीच्या कामावर आधी घ्यावीत, कारण संध्याकाळ त्यांना कळते."

मामाने हात पुन्हा कानाशी नेला. आता मुद्दाम. "युनिट तीन. वेळ सोळा पंधरा. साठवण उभी राहून एक पूर्ण वर्ष चालेपर्यंत युनिट तीन राखीव ठेवावं. त्यावरची माणसं साठवणीच्या कामावर आधी घ्यावीत." आणि थांबला.

"सुरुवातीचं आणि शेवटचं राहिलं," पन्नास म्हणाले.

"संध्याकाळचे तास भरून काढणारी... हे झालं. आणि..." मामाचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा माईक लागेल इतका लहान झाला. "कारण संध्याकाळ आम्हाला कळते."

"'त्यांना.'"

"अहो भावोजी, 'त्यांना' म्हणजे आम्हीच ना?"

"शब्दाला शब्द."

"त्यांना कळते! झालं?"

"बरोबर," भोंगा म्हणाली.

मामा खाली बसला. थोड्या वेळाने शेजारच्याला, म्हणजे सगळ्या सभागृहाला, म्हणाला, "पान दोन कोण वाचतंय? पान एक अमलात आणतील, पान दोनवर चहाचा कप ठेवतील."

"मी वाचायला लावीन," भोंगा म्हणाली.

"ते लावशील," मामा म्हणाला. "वाजायला लागलीस की कोण थांबवतंय."

निकाल काय लावायचा यावर पन्नास बराच वेळ कागद बघत बसले. शेवटी उठून म्हणाले की चारही वक्त्यांनी एकमेकांची परावलंबनं बरोबर दाखवली, आता सोळा पंचवीसला देशात चौघांचीही वीज चालू आहे, त्यातली कुठलीही बंद करायला त्यांची छाती होणार नाही. "पहिला क्रमांक धरणाला. वेळेत बसले ते एकटेच." बक्षीस भिंतीवरचं घड्याळ होतं. गेटवाल्याने ते घाई न करता स्वीकारलं. "हा काय निकाल झाला? कोण समजावून सांगेल?" असं बाई दारापर्यंत विचारत होत्या.

सोमवारी भोंगा गेली. मामाला शिफ्ट होती, त्यामुळे स्टँडवर आला नाही. पण सकाळी घरी फोन करून ताईला ओरडून सांगितलं की माळावर वारा फार असतो, कान झाकून घे म्हणावं. "तूच सांग," ताईने फोन लेकीच्या कानाला लावला. मामाने तेच परत सांगितलं. तिने वेळेसकट परत म्हटलं.

पुढे काय झालं ते पन्नासांच्या लॉगबुकात आहे. चौदा महिने रोज संध्याकाळी: 'युनिट तीनला वाढवण्यास सांगितले. परत सांगितले. बरोबर.' युनिट तीनवरच्या सहा जणांना माळावर प्रशिक्षणाची पत्रं आली, मामाला नाही. त्याचं वय जास्त भरलं. त्याने कुरकुर केली नाही, म्हणाला, म्हातारीजवळ कुणीतरी लागेलच की शेवटपर्यंत.

पन्नासांच्या निवृत्तीला दीड महिना राहिलेला असताना एके संध्याकाळी सात वाजता आकडा घसरायला लागला. पन्नासांनी सवयीने फोनकडे हात नेला, तेवढ्यात आकडा आपोआप सावरला आणि वर गेला. माळावरून पहिल्यांदाच साठवलेली वीज आली होती. त्यांनी युनिट तीनचा फोन लावला.

"युनिट तीन. तीस मेगावॉट उतरवा."

"संध्याकाळी सातला उतरवा?" मामा ओरडला.

"परत सांगा."

"युनिट तीन. वेळ एकोणीस शून्य चार. तीस मेगावॉट उतरवणे."

"बरोबर."

फोन ठेवायची वेळ झाली, पण पलीकडून ठेवला गेला नाही. मागे बॉयलरची घरघर ऐकू येत होती. "भावोजी, माळावरून येतेय ना? भोंग्याची?"

"हो."

"किती वेळ टिकते?"

"दोन तास."

"दोनच?" मामा म्हणाला. "सहा वर्षांची होती तेव्हा आमच्या युनिटवर चार तास बोलली होती." आणि त्याने तीस मेगावॉट उतरवायला घेतले.